पाण्याची ड्युटी कोणाची होती

माझं सध्याचं पोस्टिंग बडोद्यात आहे. अकोट्याला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माजी सैनिकांसाठी मदत केंद्र चालतं. तिथे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी दहा ते दुपारी एक मी बसतो. पगार नाही, चहा मिळतो. नाव दिनकर शेलार. पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे निवृत्तीनंतर पुन्हा बडोदंच गाठलं आणि गोत्रीला एका सोसायटीत फ्लॅट घेतला.

टेबलावरचं काम सोपं आहे. सेवेनंतर सरकारकडून कोणाला काय मिळतं आणि कोणाला काय मिळत नाही, ते सांगायचं. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, अंगावर एकदा वर्दी चढली की जन्माची सोय झाली. तसं नसतं. पेन्शन लागण्याआधी जो स्वतःच्या अर्जावर घरी आला, त्याला सहसा माजी सैनिक धरत नाहीत. शिस्तभंगासाठी काढलेल्याला धरत नाहीत. जखम झाली असेल तर ती सेवेमुळे झाली का, ते बघतात. माणूस गेला असेल तर ड्युटीवर गेला का, ते बघतात. एकाच डोंगरावर, एकाच दिवशी दोघं गेले तरी कागदावर त्यांचं मरण वेगवेगळं असू शकतं. हे समोरच्या बाईला समजावून सांगताना मला पूर्वी काही वाटत नसे.

मी संशयी माणूस आहे. बायको मला शंकासुर म्हणते. दूधवाल्याने पिशवी ठेवली की मी ती हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो. सोसायटीचा सेक्रेटरी हसून बोलला तर त्याला काय हवं असेल याचा विचार जिना चढेपर्यंत करतो. मदत केंद्रात हा स्वभाव उपयोगी पडला. मागे एकदा वाघोडिया रोडवरून एक गृहस्थ आले. ब्लेझर, पिळदार मिशा, छातीवर पाच मेडल्स. मेडल्स उजव्या बाजूला. उजव्या बाजूला मेडल लावतात ती घरातल्या गेलेल्या माणसाची, स्वतःची नव्हे. मी त्यांना त्यांचा नंबर विचारला. म्हणाले, घरी लिहून ठेवलाय. फौजी माणूस लग्नाची तारीख विसरेल, नंबर विसरणार नाही. मी त्यांना चहा पाजला आणि दाराबाहेर सोडून आलो. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला ही गोष्ट दोनदा सांगितली.

गेल्या वर्षी जून महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता, वेळ ११२०. चाळिशी ओलांडलेली एक बाई आणि तिची सतराएक वर्षांची मुलगी आत आल्या. बाईच्या हातात चेन लावलेली प्लॅस्टिकची फाइल होती. बसण्याआधी तिने टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली.

तिचं नाव मंगल. मकरपुऱ्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करते. नवरा फौजेत होता, नोकरीत असतानाच गेला. त्यानंतर ती बडोद्याला भावाकडे आली. मुलीला नर्सिंगच्या डिग्रीला जायचं होतं. सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा असतात आणि त्या जागांना क्रम असतो. वडिलांचा मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर मुलीचं नाव वर येतं. नाहीतर ते इतकं खाली जातं की तिथपर्यंत जागा उरतच नाहीत. फॉर्मवर त्यासाठी एकच ओळ होती: मृत्यू सेवेशी निगडित आहे का, हो किंवा नाही. मुदत संपायला बारा दिवस होते.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "नंबर, रँक, नाव."

फाइल न उघडता तिने नंबर सांगितला. मग म्हणाली, "लान्स नायक महादेव साळुंके."

हा नंबर मी सोळा वर्षांपूर्वी माझ्या हाताने तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहिला होता. मी मान खाली घालून रजिस्टरमध्ये नाव उतरवलं आणि मला जे आधीच ठाऊक होतं तेच तिला विचारलं, कसे गेले.

"नाल्यात वाहून गेले. कोर्टानं लिहिलं की मासे पकडायला गेले होते ने, म्हणून."

कोर्ट म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी. माणूस गेला की पलटणीतलेच अधिकारी बसून चौकशी करतात, साक्षी घेतात आणि मत लिहितात. ती हे सांगताना माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, जरुरीपेक्षा जास्त बघत होती.

मी तिचा कागद उलटसुलट केला, वाचल्यासारखं केलं. मग म्हणालो, "वहिनी, हे यात बसत नाही. कोर्टाचं मत विरोधात असेल तर आम्ही इथून काही करू शकत नाही."

तिने फाइलची चेन लावली. मुलगी तिला गुजरातीत हळू म्हणाली, "मम्मी, में कीधुं हतुं ने, आ लोको कंई नहीं करे." मला गुजराती कळत नसेल अशी तिची समजूत. मी प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला माणूस, मला अक्षर न् अक्षर कळलं: मी म्हटलं होतं ना, हे लोक काही करणार नाहीत. दोघी गेल्या. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. पण मनात पहिला प्रश्न आला तो असा की हिला माझ्याकडे पाठवलं कोणी?

आता त्या दिवसाचं सांगतो. पोस्टचं नाव सांगत नाही. उंची बारा हजार फुटांच्या वर, खाली नाला, पलीकडे दुसऱ्या देशाचा डोंगर. आम्ही अकरा जण होतो. पोस्टचे नायब सुभेदार साहेब रजेवर गेले होते, म्हणून पोस्ट माझ्या हाताखाली होती. मी तेव्हा हवालदार होतो आणि माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. रोजचं काम ठरलेलं. सकाळी स्टँड टू, म्हणजे मोर्च्यात हत्यारासह सज्ज उभं राहणं, मग सफाई, मग पहाऱ्याची संत्री ड्युटी, आणि दुपारी १४०० ला पाणी. एका जवानाने दोन जेरीकॅन घेऊन तीनशे मीटर खाली नाल्यावर जायचं, भरायचे आणि दोर धरून वर यायचं. स्थायी हुकूम एकच: धुकं असेल तर नाल्यावर कोणी उतरायचं नाही.

ड्युटी रजिस्टर माझ्याकडे असे. सकाळी ०६३० ला मी पूर्ण दिवसाची नावं लिहून सही करत असे. माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नसे. त्याला कारण होतं. फौजेत रजिस्टरमधली प्रत्येक काटछाट अधिकाऱ्याने सही करून मान्य करावी लागते, आणि आमचे कंपनी कमांडर चार तासांच्या चढाखाली बसत. महिन्यातून एकदा वर येत आणि पानांवरून बोट फिरवत. एकदा तीन काटछाटी सापडल्या तेव्हा त्यांनी जवानांसमोर माझी हजेरी घेतली होती. तेव्हापासून जवान आपसात पाळ्या बदलत, मला तोंडी सांगत, मी मान हलवत असे आणि रजिस्टर स्वच्छ राहत असे. प्रत्येक पोस्टवर असंच चालायचं. कोणाचं काही बिघडत नसे.

त्या दिवशी पाण्याला शिपाई गावडेचं नाव होतं. १३४२ ला मी बंकरमध्ये रेडिओ सेटवर कंपनीशी रसदीचं बोलत होतो. वेळ नेमकी आठवते, कारण सेटवर बोलणं सुरू झालं की मी घड्याळ बघतो. साळुंके दारात आला. सत्तावीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, बोलायला कमी. घरी आठ महिन्यांची मुलगी, जिला त्याने एकाच रजेत पाहिलं होतं.

तो म्हणाला, "हवालदार, गावडेला ताप भरलाय. पाण्याला मी जातो."

मी हँडसेटवर हात ठेवला. दाराबाहेर खालून धुकं वर सरकत होतं, ते मला दिसलं. टाकीत पाणी नव्हतं, तेही ठाऊक होतं.

"जा. लवकर ये."

एवढंच बोललो आणि पुन्हा सेटकडे वळलो. १४०० ला संत्रीने त्याला उतरताना पाहिलं. १४१० ला धुकं पोस्टवर आलं. १५०० पर्यंत तो परत आला नाही. १५१० ला मी चौघांना घेऊन खाली गेलो. १६२५ ला तो सापडला, नाल्याच्या खालच्या अंगाला, दोन दगडांच्या मध्ये. जेरीकॅन नव्हते. आम्ही त्याला वर आणलं तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. मी सेट उचलला.

"टायगर, अल्फा फोर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अल्फा फोर, फेटल? ओव्हर."

"फेटल. लान्स नायक साळुंके. ओव्हर."

"ड्युटीवर होता? ओव्हर."

हो म्हणायला एक सेकंद लागला असता. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न होता, धुक्यात कोणी पाठवलं. मी म्हणालो, चेक करून सांगतो. रजिस्टर उघडलं. पान स्वच्छ होतं, पाण्यासमोर गावडेचं नाव आणि खाली माझी सही. पाच मिनिटांनी मी कंपनीला कळवलं की रजिस्टरप्रमाणे नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन आठवड्यांनी बसली. गावडेने खरं ते सांगितलं. साळुंके त्याला म्हणाला होता की हवालदारला विचारून जातो. विचारलं की नाही, हे गावडेला माहीत नव्हतं. संत्री म्हणाला, हातात काय होतं ते दिसलं नाही. साळुंकेच्या कोटाच्या खिशात मासे धरायचा गळ आणि दोरी सापडली होती, ती टेबलावर ठेवलेली होती. मग मला विचारलं, त्याला तुम्ही पाठवलंत का? मी सावधान उभा राहून सांगितलं की रजिस्टरमध्ये त्याचं नाव नाही, आणि धुक्यात नाल्यावर जायला मनाई आहे. दोन्ही वाक्यं खरी होती. कोर्टाने मत लिहिलं की लान्स नायक साळुंके हुकूम मोडून, स्वतःच्या मर्जीने, बहुधा मासेमारीसाठी नाल्यावर गेला. मृत्यू सेवेशी निगडित नाही.

मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं की कोण जाणे, खरंच मासे धरायला थांबला असेल. खिशात गळ होता ना? माझ्या संशयाने त्या माणसालाही सोडलं नाही. तो कधीतरी मासे धरायचा हे खरं होतं. रविवारी दोनचार मिळाले की लंगरमध्ये तळायचा, आणि सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात पडायचा, हेही खरं होतं. कोर्टात मी त्यातलं काही बोललो नाही. चार महिन्यांनी मी नायब सुभेदार झालो.

तर त्या मंगळवारी दुपारी मी घरी आलो, जेवलो नाही आणि गावडेला फोन लावला. तो आता कोल्हापुरात असतो, बँकेच्या दारावर गार्ड आहे. वर्षा-दोन वर्षांत आमचं एकदा बोलणं होतं. साळुंकेच्या बायकोला माझा पत्ता तू दिलास का, असं मी सरळ विचारलं.

गावडे म्हणाला, हो, दिला. ती चौकशीचे कागद मागवून बसली होती, साक्षीदारांची नावं तिने त्यातून काढली. महिन्यापूर्वी तिचा फोन आला होता. "मी तिला तेच सांगितलं जे कोर्टात सांगितलं. साळुंके विचारल्याशिवाय जाणारा नव्हता. पुढचं शेलार साहेबांना ठाऊक, ते बडोद्यातच आहेत म्हटलं."

म्हणजे ती माझी परीक्षा घ्यायला आली होती. मला राग आला. दोन दिवस मी तो राग जपला. मनात तिच्यावर खटलाच चालवला: हिच्यामागे वकील असेल, फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं असेल, मुलगी मोबाइल हातात धरून बसली होती ती उगाच नव्हे. गुरुवारी केंद्रात गेलो नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का? मी तिला सगळं सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिने निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "सगळ्या जगावर संशय घेता. त्या पोरीच्या बापाला तुम्ही पाठवलं नव्हतं कशावरून, असं कोणी विचारलं तर काय सांगाल?" आणि उठून आत गेली.

शुक्रवारी १७०० वाजता मी गावडेकडून पत्ता घेऊन प्रतापनगरला गेलो. मंगलचा भाऊ वर्कशॉपमध्ये आहे, क्वार्टर रेल्वेचं. शिफ्ट सुटली होती, सायकली आणि स्कूटर फाटकातून बाहेर पडत होत्या. दार तिनेच उघडलं. मला बघून ती दचकली नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. मुलगी, श्रुती, आतल्या दारात येऊन थांबली.

मी ठरवून गेलो होतो की रिपोर्ट देतात तसं सांगायचं. वेळ, ठिकाण, काय घडलं. तसंच सांगितलं. १३४२ ला तुमचे मिस्टर माझ्याकडे आले. गावडेच्या जागी पाण्याला जातो म्हणाले. मी जा म्हटलं. धुकं मला दिसत होतं. रजिस्टरमध्ये मी बदल केला नाही. कोर्टात सांगितलं नाही.

ती म्हणाली, "मला माहीत होतं, साहेब."

"गावडेने सांगितलं म्हणून?"

"नाही. तुमच्या केंद्रात बायका येतात त्यांना तुम्ही ताई म्हणता. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो होतो तेव्हा सगळं ऐकलं. मला वहिनी म्हणालात. तेव्हा समजलं, ह्या माणसाला हे चांगले आठवतात, आणि तरी नाही म्हणतोय."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ती आता खाली बसली.

"सोळा वर्षं गावात म्हणतात, मासे खायच्या नादात गेला. माझ्या सासूबाईंनी मरेपर्यंत घरात मासा शिजू दिला नाही. कोणी पाहुणा मासे घेऊन आला तर उंबऱ्यातून परत पाठवायच्या. आपला मुलगा हावरट होता असं समजून गेल्या त्या. मला तुमची माफी नको, साहेब. हे लिहून द्या, बस."

मी लिहून द्यायचं कबूल केलं. श्रुती दारातच उभी होती. तिच्या हातात मोबाइल होता आणि तो बंद होता, हेही माझ्या नजरेने टिपलंच. स्वभाव जात नाही.

सोमवारी प्रतिज्ञापत्र केलं आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला रवाना केलं. बारा दिवसांत अर्थातच काही झालं नाही. फॉर्मवर तिला नाही लिहावं लागलं आणि नंबर लागला नाही. त्या मुलीचं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं.

तीन महिन्यांनी मला जबानीसाठी बोलावणं आलं. जबानी घेणारे मेजर साहेब माझ्या मुलाच्या वयाचे होते. त्यांनी पहिल्यांदा माझा नंबर विचारला. मग त्यांनी मला ज्या नजरेने न्याहाळलं ती नजर माझ्या ओळखीची होती. टेबलाच्या पलीकडून मी लोकांना तसाच बघत आलो होतो. ही बाई तुमच्या नात्यातली का? नाही. शेजारी राहते का? नाही. तिच्या घरी तुमचं जाणंयेणं आहे? एकदा गेलो होतो. तिने काही देऊ केलं? पाणी, साहेब.

"आणि सोळा वर्षांनी तुम्हाला आठवलं?"

"आठवत रोजच होतं, साहेब. सांगितलं नव्हतं."

ते म्हणाले, सुभेदार साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण विधवेची दया येऊन लोक खोट्या साक्षी देतात. तुमची जुनी साक्ष शपथेवरची आहे. आता तुम्ही तिच्या उलट बोलता. यातली खोटी कोणती, हे मी कसं ठरवू? त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मला चहा पाजून दाराबाहेर सोडून आलो असतो. पुरावा आणा, असं म्हणून त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

घरी माझी एक लोखंडी ट्रंक आहे. फौजेत चार्ज देताघेताना प्रत्येक वस्तूचा हिशेब द्यावा लागतो आणि पुढे कधी कोणी विचारील या भीतीने जुने लोक सगळ्या कागदांच्या कार्बन कॉपी जपून ठेवतात. मी तर ठेवणारच. दोन दिवस मी ती ट्रंक उपसत होतो. त्या पोस्टच्या गठ्ठ्यात एक पिवळा कागद सापडला. तो लॉस स्टेटमेंटचा होता, म्हणजे सरकारी सामान हरवलं तर द्यायचा खुलासा. स्टोअरच्या मोजणीत कमी भरलं तेव्हा मी तो लिहिला होता, कोर्ट बसून गेल्यानंतर पाच आठवड्यांनी. मजकूर असा: जेरीकॅन, संख्या दोन, पोस्टसाठी पाणी आणताना नाल्यात वाहून गेले, कोणाची हयगय नाही. हरवल्याची तारीख साळुंके गेला त्याच दिवसाची. खाली माझी सही, आणि मंजूर म्हणून सामानाचा हिशेब ठेवणाऱ्या क्वार्टरमास्टरची.

मी ट्रंकेपाशी जमिनीवरच बसून राहिलो. जेरीकॅनना मी ड्युटीवर दाखवलं होतं. त्यांच्यासाठी मला कोणाची भीती वाटली नव्हती. हा कागद क्वार्टरमास्टरकडे गेला, साक्षीचा कागद कोर्टाकडे गेला आणि दोन्ही एकत्र कोणी वाचले नाहीत. मीसुद्धा नाही. त्या रात्री मी रडलो. बायकोला दिसलं.

मेजर साहेबांनी तो कागद उजेडात धरला, मागून पुढून पाहिला, सहीशी सही ताडून पाहिली. मग लिहायला माणूस बोलावला आणि प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले. मी सावधान उभा राहिलो. बसा म्हणाले तरी बसलो नाही.

"त्या दिवशी १४०० वाजता लान्स नायक साळुंके नाल्यावर कशासाठी गेले?"

"पाण्यासाठी."

"कोणी पाठवलं?"

"मी."

निर्णय यायला आणखी पाच महिने लागले. कोर्टाचं जुनं मत बदललं, मृत्यू सेवेशी निगडित धरला गेला. माझ्याविरुद्ध काय करायचं याचं पत्र अजून आलेलं नाही. येईल तेव्हा मी नाही म्हणणार नाही. यंदा श्रुतीने फॉर्म भरला तेव्हा त्या ओळीत हो लिहिलं आणि तिला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. ही बातमी मला गावडेकडून कळली. मंगल वहिनींनी फोन केला नाही. करावा असं त्यांना का वाटावं?

गेल्या शनिवारी १२४० ला श्रुती केंद्रात आली. एकटीच. मला वाटलं, एखादी सही राहिली असेल. मी पेन काढलं. ती म्हणाली सही नको, आणि खुर्चीवर टेकली. नेहमी गुजराती बोलणारी पोर, शब्द शोधत मराठीत म्हणाली, "मम्मी म्हणते तुम्ही पप्पांना शेवटचे बघितलेत. कसे होते ते? ड्युटीचं नको. असेच कसे होते ते सांगा."

मी अठ्ठावीस वर्षं जवानांच्या नोंदी ठेवल्या. नंबर, रँक, रक्तगट, रजा. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच नोंदीत नव्हतं. बाहेर बाकड्यावर दोन माणसं नंबर लावून बसली होती. त्यांना मी उद्या यायला सांगितलं. मग आठवलं की उद्या रविवार. मंगळवारी या, असं सांगून दार लोटलं.

मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली. मग मी तिला दारातून वळल्यावरचा साळुंके सांगितला, जो मी कोर्टाला सांगितला नव्हता, मेजर साहेबांनाही नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मी जा म्हटल्यावर तो लगेच नाल्याकडे गेला नाही. समोरच्या बंकरमध्ये गेला; सेटवर बोलता बोलता मला दारातून दिसत होतं, ऐकूही येत होतं. गावडे तापाच्या ग्लानीत कुडकुडत होता. साळुंकेने स्वतःचं ब्लँकेट त्याच्या अंगावर घातलं, पायापाशी नीट खोचलं आणि त्याला म्हणाला की उठू नकोस, आल्यावर चहा करतो. मग दोन्ही जेरीकॅन उचलले. खरं तर तुझ्या पप्पांची पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती, बाळ. त्या दिवशी ते गेले, कारण गावडे आजारी होता.